दुरुस्ती चालते, खरेदी नाही

पितृपंधरवड्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी वसंतरावांच्या घरातला कॉम्प्युटर सुरू होईना. तसा तो एका हाकेत कधीच उठला नव्हता. बटण दाबून वसंतराव आंघोळीला जायचे, आंघोळ करून आले की पडद्यावर काहीतरी दिसू लागायचं आणि देवपूजा आटोपेपर्यंत बाण हलायला लागायचा. पण त्या दिवशी पूजा झाली, चहा झाला, पेपर वाचून झाला, तरी पडदा काळाच. वसंतरावांनी डब्याच्या डोक्यावर नेहमीची थाप मारली. आतून सुपारी फुटल्यासारखा आवाज आला आणि फिरत होता तो पंखाही थांबला.

एरवी नांदेडच्या त्या कॉलनीत कुणाचा कॉम्प्युटर बंद पडल्याने कुणाचं काही अडलं नसतं. पण वसंतरावांच्या सुनेचं, मनस्विनीचं, अडणार होतं. गणितात एम.एस्सी. झालेली ही मुलगी लग्न झाल्यापासून नोकरीसाठी अर्ज करून करून बेजार झाली होती. संस्थाचालक तिची गुणपत्रिका कौतुकाने पाहायचे, आणि मग सासरे संस्थेला काय देऊ शकतील याची चौकशी करायचे. शेवटी घरबसल्या मुलांना शिकवायचं काम देणाऱ्या बंगळुरूच्या एका कंपनीने तिला बोलावलं होतं. बोलावलं म्हणजे कॉम्प्युटरवरच. येत्या गुरुवारी दुपारी तिने एक नमुन्याचा तास घेऊन दाखवायचा होता आणि मोबाइल चालणार नाही, असं कंपनीने बजावलं होतं. शेजारीपाजारी कुणाकडे कॉम्प्युटर उरला नव्हता. कॉलनीतल्या सायबर कॅफेचं केव्हाच ज्यूस सेंटर झालं होतं.

मुलगा सर्वेश लातूरला बँकेत होता. बाबा, नवा घ्या, एवढंच त्याचं म्हणणं होतं. पण बँकेतला माणूस असल्यामुळे ते सांगायला त्याला फोनवर बराच वेळ लागला. जुना दुरुस्त केला तर काय होईल, नवा घेतला तर काय होईल आणि काहीच केलं नाही तर काय होईल, हे सगळं त्याने समजावलं. वसंतरावांना ते पटलं. ते पायात चप्पल सरकवत होते, तेवढ्यात स्वयंपाकघरातून त्यांच्या पत्नीचा, विमलताईंचा, आवाज आला.

"पक्षात नवी वस्तू घरात येणार न्हाई."

वसंतरावांनी चप्पल काढून ठेवली. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलेला हा माणूस. दरवर्षी विज्ञानदिनाला अंधश्रद्धेवर त्यांचं भाषण ठरलेलं असायचं आणि ते गाजायचंही. विमलताई मागच्या अंगणात गेल्याची खात्री करून घेऊन ते सुनेला ठामपणे म्हणाले, की आपण असलं काही मानत नाही. मात्र उगाच घरात वाद नको, असंही त्यांनी त्याच ठामपणाने सांगितलं.

विमलताईंच्या बाजूनेही बोललं पाहिजे. सुनेला नोकरी लागावी ही त्यांची इच्छा सुनेपेक्षा तसूभरही कमी नव्हती. आमची मनू आता थेट बंगळुरूला शिकवणार, हे त्यांनी अर्ध्या कॉलनीला सांगूनही टाकलं होतं. अडचण एवढीच होती, की असल्या दिवसांत आणलेल्या वस्तूसमोर बसून पोरीचं काम बिघडलं, तर आपण तिला काय तोंड दाखवणार, या विचाराने त्या धास्तावल्या होत्या.

दुपारी आदिनाथला बोलावलं. हा वसंतरावांचा जुना विद्यार्थी. विज्ञान त्याला कधी समजलं नाही, पण गिऱ्हाईक मात्र तो चटकन ओळखायचा. पंधरवडा लागल्यापासून त्याच्या कॉम्प्युटरच्या दुकानात माशीसुद्धा फिरकली नव्हती. त्याने डबा उघडला. आतून आधी धूळ आली, मग एक पाल आली. पाल गेली त्या दिशेला बघत आदिनाथ म्हणाला, की सर, हे काही खरं नाही, नवाच टाका. तेवढ्यात विमलताई दारात येऊन उभ्या राहिल्या. आदिनाथने त्यांचा चेहरा पाहिला आणि त्याच श्वासात गाडी वळवली.

"तसं काकू, खरेदी नकोच या दिवसांत. आपण दुरुस्ती करू. दुरुस्तीला पक्ष लागत न्हाई."

विमलताई विचारात पडल्या. मागच्या वर्षी ऐन पक्षात त्यांच्या कुकरचं गॅसकेट गेलं होतं. ते नवं आणून बसवलं होतं आणि त्याने काही वाईट झालं नव्हतं. उलट त्या दिवशीच्या डाळीचं सगळ्यांनी नाव काढलं होतं.

"गॅसकेट बदलल्यावानी असंल तर चालतंय," त्यांनी निकाल दिला.

या निकालावर आदिनाथने पुढचे दिवस काढले. पहिल्यांदा त्याने मेमरी बदलायची ठरवली. पण नवी मेमरी जुन्या मदरबोर्डवर बसेना, म्हणून मदरबोर्ड बदलावा लागला. नव्या मदरबोर्डला जुना प्रोसेसर चालेना, म्हणून प्रोसेसर बदलला. हार्ड डिस्क खरखर करत होती, तीही गेली. एवढं सगळं चालवायला वीजपुरवठ्याचा जुना डबा पुरेना. प्रत्येक वेळी तो स्वयंपाकघराच्या दारात जाऊन सांगायचा, की काकू, अजून एक गॅसकेट. विमलताई हातातली वस्तू उलटसुलट बघायच्या आणि मान हलवायच्या.

पडद्यापाशी मात्र गाडी अडली. जुन्या पडद्याची वायर नव्या मदरबोर्डला जोडायला जागाच नव्हती. आदिनाथ नवा पडदा खोक्यात घालून घेऊन आला आणि विमलताईंनी त्याला फाटकातच थांबवलं. खोक्यात येतं ते नवं, गॅसकेट कधी खोक्यात येत नसतं, असं त्यांचं म्हणणं पडलं. आदिनाथ मुकाट्याने परत गेला आणि संध्याकाळी तोच पडदा जुन्या चादरीत गुंडाळून घेऊन आला. विमलताईंनी चादरीकडे पाहिलं, चादर चांगली विटलेली होती, आणि त्या बाजूला झाल्या.

पुढे नवा मदरबोर्ड जुन्या डब्यात मावेना, म्हणून डबाही चादरीतूनच आला. तेव्हा वसंतराव अस्वस्थ झाले. कॉम्प्युटरचं सगळंच बदललं तर ती दुरुस्ती राहत नाही, काहीतरी जुनं राहिलंच पाहिजे, असा शास्त्रीय मुद्दा त्यांनी काढला. जुनं म्हणून आता कीबोर्ड आणि माऊस उरले होते. त्यांवरच घराची इभ्रत टिकून आहे, असं म्हणून वसंतरावांनी ते स्वतः पुसून ठेवले. इकडे मनस्विनी रोज तयारी करायची. त्रैराशिक कसं शिकवायचं, ते ती स्वयंपाकघरातल्या ओट्यावर पीठ पसरून त्यात बोटाने लिहून पाहायची, आणि कॉम्प्युटर वेळेत जुळेल की नाही या काळजीने मधेच थांबायची.

गुरुवार उजाडला. त्याच दिवशी वसंतरावांच्या वडिलांचं श्राद्ध होतं. घरात वड्यांचा घाणा चालला होता. तासाची वेळ जवळ आली तेव्हा आदिनाथने शेवटची जोडणी करायला घेतली आणि कीबोर्डची वायर हातात धरून तसाच बसून राहिला. जुन्या कीबोर्डचं आणि माऊसचं टोक गोल होतं. नव्या डब्याला गोल भोकच नव्हतं. आदिनाथने इकडेतिकडे पाहिलं आणि पिशवीतली घडी केलेली चादर हळूच उलगडली. आत नवा कीबोर्ड होता, नवा माऊस होता. नेमक्या त्याच वेळी विमलताई नैवेद्याचं ताट घेऊन खोलीत आल्या.

विमलताईंनी टेबलाकडे पाहिलं, मग चादरीकडे पाहिलं. आदिनाथने चादर पुन्हा झाकायचा प्रयत्न केला. वसंतराव खिडकीबाहेर काहीतरी महत्त्वाचं असल्यासारखे बघत राहिले.

"मनू," विमलताई म्हणाल्या, "खरं सांग. ह्यात आपलं जुनं काय राहिलंय?"

मनस्विनीला खोटं बोलता आलं असतं. तास सुरू व्हायला थोडाच अवकाश होता, आणि हा तास गेला तर दुसरा कोण देणार, हे तिला चांगलंच माहीत होतं. पण सासूचा चेहरा पाहून तिला खोटं बोलवेना.

"काहीच न्हाई, आई. सगळंच नवं हाय. तुम्ही नको म्हणलात तर न्हाई बसत मी." आणि एवढं बोलून तिला रडू आलं.

विमलताईंनी ताट खाली ठेवलं. व्हरांड्यात पेपरवर जुन्या कॉम्प्युटरचे अवशेष पडले होते. त्या तिथे गेल्या, ते नीट पाहून परत आल्या.

"मग सरळ म्हणा की, जुना वारला," त्या म्हणाल्या. "नोकरीत असताना वारला. त्याच्या जाग्यावर हे पोरगं लागलं. अनुकंपावर लागणाराला कुणी मुहूर्त विचारतंय का?"

ज्या घराचे निम्मे नातलग वडिलांच्या जागी अनुकंपा तत्त्वावर नोकरीला लागलेले होते, त्या घरात हा मुद्दा खोडून काढणं शक्यच नव्हतं. आदिनाथने भराभर कीबोर्ड जोडला. विमलताईंनी सासऱ्यांच्या पानाशेजारी आणखी एक लहान पान वाढलं आणि ते व्हरांड्यातल्या पेपरपाशी नेऊन ठेवलं. कावळ्याने फार वेळ लावला नाही. त्याने हार्ड डिस्कवर बसून इकडेतिकडे पाहिलं आणि वडा उचलून नेला. जुन्याची काही इच्छा मागे राहिली नव्हती, हे पाहून विमलताईंचा जीव भांड्यात पडला.

मनस्विनीचा तास छान झाला. दाराआडून ऐकणाऱ्या आदिनाथला आयुष्यात पहिल्यांदा त्रैराशिक समजलं. शनिवारी कंपनीचा फोन आला. त्यांनी तिला घेतलं होतं आणि लगेच सोमवारपासून रुजू व्हा म्हणत होते. मनस्विनीने फोनवर हात ठेवून घरातल्यांकडे पाहिलं.

वसंतराव घसा खाकरून म्हणाले, "सोमवारी अजून पक्षच चालू हाय. नव्या कामाला घटस्थापनेचा दिवस लई चांगला. तेवढं थांबा म्हणावं त्यांना."

"कुणी थांबायचं न्हाई," विमलताई म्हणाल्या. "इतक्या वर्षांनी कुणीतरी बोलावून राहिलंय पोरीला. सोमवारी येते म्हण, मनू."

मनस्विनी हो म्हणाली. वसंतरावांनी मांडीवरचं पंचांग मिटलं आणि पेपराखाली सरकवून दिलं.