परबांची टकटक

सदानंद परब कुणाच्याही घरात शिरले की आधी फ्रिज उघडतात आणि आत डोकं घालतात. दोनदा खोल श्वास घेतात. मग बाहेर येऊन निकाल देतात. "ह्या घरात रोज सार होता. माणसां चांगली." फ्रिजबद्दल एक अक्षर नाही. तो थंड करतो की नाही हे ते नंतर बघतात, तेही आपण आठवण केली तर.

मस्कतमध्ये हा माणूस आमच्या घरी येऊ नये म्हणून मी दोन वर्षं जपलो. का, ते सांगायला बसलोय. त्यात माझी बाजू फारशी चांगली नाही.

इथे आपलं म्हणून काही नसतं. नोकरी आहे तोवर व्हिसा, व्हिसा आहे तोवर फ्लॅट. नोकरी गेली की थोड्या दिवसांत सगळं आवरून निघायचं. मग मराठी मंडळींच्या ग्रुपवर फोटो पडतात, सोफ्याचे, वॉशिंग मशीनचे, कधी तुळशीच्या कुंडीचेसुद्धा, आणि वर लिहिलेलं असतं 'लीव्हिंग सेल'. बाकीचे लोक वस्तू बघायच्या आधी कोण चाललंय ते बघतात, आणि ते आपल्या कंपनीतलं नसलं की सुटकेचा श्वास सोडतात. परब तोवर पिकअप घेऊन दारात हजर.

हे मालवणकडचे. एका एसी दुरुस्तीच्या कंपनीत फोरमन. वय पंचावन्नच्या पुढे, शर्टाच्या खिशात पेनांच्या जागी तीन स्क्रूड्रायव्हर, पट्ट्याला मोजायची टेप. दर शुक्रवारी सकाळी जुन्या सामानाचा बाजार भरतो, तिथेही चक्कर मारायचे, पण नाक मुरडून. तिथल्या वस्तूंना घर नसतं, असं त्यांचं म्हणणं. कपाट घ्यायचं तर ज्या भिंतीला ते उभं होतं ती भिंत बघून घ्यावं. 'जुनं' हा शब्द कुणी उच्चारला तर ते लगेच दुरुस्त करायचे, "वस्तू जुनी नसता, वापरलेली असता." घासाघीस करायची ती चहाच्या आधी. चहा आला की भाव बंद. मग मालकीण म्हणेल ते. आणि चहा ते फार हळू प्यायचे. लाकडाची वस्तू असेल तर वाकून कान लावायचे आणि बोटाच्या पेराने तीनदा ठोकायचे. टक, टक, टक. मग सरळ उभे राहून म्हणायचे, "खलास. बुक." खलास म्हणजे इथल्या अरबीत 'झालं, ठरलं'.

ती टकटक आमच्या घरी झाली तो दिवस मला लख्ख आठवतो. आम्ही अल् खुवैरला राहायचो, चौथ्या मजल्यावर. दुसऱ्या मजल्यावरचे करमरकर नोकरी संपून पुण्याला चालले होते. त्यांचं कपाट उतरवताना दोरी कमी पडली, म्हणून परब आमच्याकडे मागायला आले. हॉलमध्ये आमचं सागवानी जेवणाचं टेबल होतं. त्यावर पुस्तकं पसरून सई अभ्यास करत होती. परबांनी दोरी घेतली, जाता जाता थबकले, वाकले, कान लावला आणि तीनदा ठोकलं.

सई इथेच वाढलेली. ती म्हणाली, "बाबा, अंकल टेबलचं हार्ट चेक करतात?"

परब खूश झाले. टेबल ठणठणीत असल्याचं त्यांनी तिला सांगितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "दातारसाहेब, कदी काढूचा झाला तर माका आदी सांगा."

अनघाच्या, माझ्या बायकोच्या, हातातलं ताट ओट्यावर जरा जोरात आदळलं.

पुढच्या रविवारी, आमच्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी, ऑफिसात कमी करायच्या लोकांची यादी आली. आमच्या विभागातून तिघांना बोलावलं. मी नव्हतो. पण माझ्या शेजारच्या टेबलावरचा माणूस होता, आणि त्याच्याकडून परबांनी महिन्यापूर्वी बुकशेल्फ नेलं होतं. खरं तर तो स्वतःच आपल्या कंपनीच्या बातम्या ऐकून सामान हलकं करत होता. पण घाबरलेल्या माणसाला उलटा हिशोब पटकन सुटतो. मला वाटलं, परब आले म्हणून नोकरी गेली. त्या दिवसापासून फोन वाजला की मी दचकायचो. दारावर कुणी टकटक केली तरी. मी घराला नवी बेल बसवून घेतली, वर्तमानपत्रं टाकणाऱ्यालाही बेलच वाजवायला सांगितलं.

आणि मग मी ते केलं. ग्रुपवर गंमत म्हणून लिहिलं: 'परबांनी तुमचं टेबल ठोकलं तर तिकीट काढून ठेवा. पनौती घरपोच.' हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. कुणी त्यात भर घातली की परबांनी सोफ्याकडे नुसतं बघितलं तरी पगार थांबतो. कुणी म्हणालं, त्यांना आपल्या मॅनेजरच्या घरी पाठवू या. आम्ही सगळेच भेदरलेलो होतो, आणि आपली भीती ठेवायला एक माणूस मिळाला होता. परब त्या ग्रुपवर नव्हते. फोटो त्यांना कुणीतरी पुढे पाठवायचं. गंमत पाठवली की नाही, मला माहीत नाही.

तेवढ्यावर मी थांबलो नाही. खाली इमारतीचा नातूर असतो, म्हणजे रखवालदार. त्याला मी सांगून ठेवलं की पांढऱ्या पिकअपवाला परब आला तर आमच्या मजल्यावर सोडायचं नाही. त्याने कारण विचारलं तेव्हा तोच शब्द सांगितला, पनौती.

लोक जातच राहिले आणि सामान परबांनाच देत राहिले, कारण दुसरं कोण इतक्या लगेच उचलणार? पण आता त्यांना वर कुणी बोलवत नसे. मजूर सामान खाली आणायचे. एकदा जूनच्या उन्हात मी बाल्कनीतून बघितलं. परब पिकअपपाशी उभे होते, डोक्यावर रुमाल. फ्रिज खाली आला. त्यांनी तो तिथे रस्त्यावरच उघडला, आत डोकं घातलं आणि बराच वेळ बाहेर काढलं नाही. मग वर खिडक्यांकडे पाहिलं. मी पडद्याआड झालो.

दोन वर्षांनी, डिसेंबरात, माझं पत्र आलं. मधल्या काळात टेबल कुणीही ठोकलं नव्हतं.

सई दहावीला होती. कंपनीने शेवटची तारीख मार्चच्या अखेरची दिली, म्हणजे परीक्षेपर्यंत कसंबसं भागणार होतं. पण घर रिकामं करायला सुरुवात करायला हवी होती. ग्रुपवर मी फोटो टाकले आणि वर ते दोन शब्द लिहिले, 'लीव्हिंग सेल'. कित्येकांनी हात जोडलेलं चिन्ह पाठवलं. वस्तू कुणी मागितली नाही. ज्याची नोकरी नुकतीच गेली त्याचं सामान घरात आणायला लोक बिचकत होते. ही रीत मीच तर घालून दिली होती.

चार दिवसांनी मी परबांना फोन केला. ते एवढंच म्हणाले की शुक्रवारी येतलंय.

शुक्रवारी दहाला खालून नातूरचा फोन आला. माझा हुकूम अजून लागू होता. तो खणखणीत आवाजात म्हणाला, "साब, वो पनौती आया है. वापस भेज दूँ?"

त्याच्यामागे पिकअपचं दार लागल्याचं ऐकू आलं. म्हणजे परब तिथेच होते, दोन हातांवर. मी लिफ्टची वाट न बघता चार मजले उतरलो. परब नातूरच्या टेबलाचा सैल पाय स्क्रूड्रायव्हरने आवळत होते. मला धाप लागली होती. तेच म्हणाले, "ह्याका हिंदी नीट येणा नाय. चला."

तो शब्द माझा होता. हे मी तेव्हा सांगायला हवं होतं. लिफ्टमध्ये आम्ही दोघंच होतो, चार मजल्यांएवढा वेळ होता. मी आकडे बदलताना बघत राहिलो.

वर त्यांनी सोफा बघितला, कपाटं मोजली, फ्रिजमध्ये डोकं घातलं. निकाल सांगितला नाही. टेबलापाशी आले आणि हात पाठीमागे बांधून उभे राहिले. मी म्हटलं, ठोकून बघा ना.

"नको. ठोकलंय तर वैनी घाबरतली."

अनघा चहा घेऊन येत होती. ती जागच्या जागी उभी राहिली.

म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं. मी खुर्ची पुढे ओढली. ते बसले, कप दोन्ही हातांत धरला. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं की एवढं सामान तुम्ही ठेवता कुठे, गोदाम आहे का. ते हसले. वादी अदाईला त्यांची खोली, चौघांत एक. "चार खाटी असत. कपाट खंय ठेवतलंय?"

मग ते सांगत गेले. करमरकरांचं कपाट सहमला एका नर्सच्या घरी आहे, नवरा-बायको नवीन आले होते, जमिनीवर झोपत होते. बुकशेल्फ रुवीला, त्यात आता बरण्या असतात. कुठलं सामान कुठल्या घरी गेलं, कुठल्या बिजागरीला तेल लागतं, सगळं पाठ. वस्तू द्यायला गेलं की ते स्वतः जोडून देत, आणि सहा महिन्यांनी स्क्रू आवळायला परत जात. स्क्रू सैल झालेले नसले तरी. बावीस वर्षं ते इथे एकटे होते; कुटुंब आणण्याएवढ्या हुद्द्यावर कधी पोचले नाहीत. आणि एकट्या राहणाऱ्या पुरुषाला संसारी घरात कोण बोलावतं? आम्हीही कधी बोलावलं नव्हतं. बायको गावी, मुलगा तिच्याजवळ वाढला.

"लोकां येतत तेवा माका बोलावतत, जातत तेवा बोलावतत," ते म्हणाले. "मदी माजा काय काम?"

अनघाने न विचारता त्यांच्या कपात आणखी चहा ओतला.

उठताना त्यांनी सगळं बुक केलं, टेबल सोडून. सईच्या पुस्तकांकडे हनुवटीने दाखवत म्हणाले, "चेडवाची परीक्षा हा ना? मगे टेबल हंयच रवांदे. मी बघून जायन."

मग ते दर शुक्रवारी टेबल बघायला येऊ लागले. एकेक वस्तू जाऊन घर रिकामं होत गेलं, आवाज घुमायला लागला, माझी झोप उडालेली होती. भारतात या वयात कोण घेईल, सईची फी कशी भरायची, हे रोज नव्याने डोक्यात यायचं. पण शुक्रवारी दहाला बेल वाजायची आणि एक माणूस आमच्या उरलेल्या चार खुर्च्यांपैकी एकीवर बसून हळूहळू चहा प्यायचा. सई त्यांना इतिहासाची उत्तरं म्हणून दाखवायची. त्यांना इंग्रजी कळत नव्हतं, पण ती अडखळली की ते बरोबर ओळखायचे आणि टेबलावर बोट उगारायचे. ठोकायचे मात्र नाहीत. नातूर आता त्यांना सलाम करायचा. माफी मागायचं मात्र मी दर शुक्रवारी पुढच्या शुक्रवारवर ढकलायचो.

शेवटचा पेपर झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी ते पिकअप घेऊन आले. टेबलापाशी उभं राहून त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं.

"वैनी, ठोकू काय?"

अनघा बाहेर आली, पदराला हात पुसत म्हणाली, "ठोका भाऊजी."

ते वाकले. टक, टक, टक. बराच वेळ कान लावून राहिले. "खलास," म्हणाले, पण 'बुक' म्हणाले नाहीत. टेबल मात्र पिकअपमध्ये चढवलं.

आता आम्ही ठाण्याला असतो. मला लहानशी नोकरी मिळाली आहे, भीती अजून पूर्ण गेलेली नाही. फोनवर परबांशी कधी बोललो तर मी हवापाण्याचं बोलतो आणि ठेवून देतो. मागच्या महिन्यात त्यांनी एक फोटो पाठवला, खाली काही न लिहिता. कुणाच्या तरी हॉलमध्ये आमचं टेबल. एक लहान मुलगी त्यावर चित्र रंगवत बसली आहे. तिच्या समोरची खुर्ची थोडी मागे सरकवलेली, रिकामी, आणि खुर्चीपुढे चहाचा कप, अर्धा प्यायलेला. त्या खुर्चीत बसलेला माणूस फोटो काढायला उठला होता.