ठेवणीतली मेमरी

संगणक बंद पडला तेव्हा फारोचे मन नुकतेच पुन्हा कठोर झाले होते. पडदा निळा झाला, त्यावर पांढऱ्या अक्षरांच्या दोन-तीन अगम्य ओळी उमटल्या, आणि नेहेमियाने सकाळपासून एका बोटाने टाइप केलेला मजकूर त्या निळ्या शांततेत बुडून गेला.

"पडलं काय?" त्याच्या बायकोने, शुलामितने, स्वयंपाकघरातून विचारले.

"पडलं."

"कुठे?"

"बेडकांवर."

"काल पण बेडकांवरच होतं की. माणसांना मिसरातनं बाहेर काढायचंय तुम्हाला, आणि तुम्ही आठवडाभर बेडकांतच बसलायत."

नेहेमियाने बटण पुन्हा दाबले. सत्तावीस वर्षे त्याने अश्दोदच्या बंदरात फिटर म्हणून क्रेन दुरुस्त केल्या होत्या. क्रेन बंद पडण्यापूर्वी कुरकुरते, तापते, वास सोडते; माणसाला सावध करण्याइतकी सभ्यता लोखंडाच्या अंगी असते. लेक लिमोरने नवा संगणक घेतल्यावर वडिलांकडे धाडून दिलेल्या या जुन्या पेटीत मात्र तसली कुठलीही सभ्यता नव्हती. ती चालता चालता मरत असे, आणि बटण दाबले की काही घडलेच नाही अशा निरागसपणे पुन्हा जिवंत होत असे.

दोन हजार एक साल होते, आणि यहुद्यांचा पेसाहचा सण तीन आठवड्यांवर आला होता. त्या कुटुंबात सेदेरच्या, म्हणजे सणाच्या पहिल्या जेवणाच्या, रात्री हिब्रू वाचन सगळ्यांनी मिळून व्हायचे आणि त्यानंतर मिसर देशातून सुटकेची तीच हकीगत थोरल्या भावाने मराठीतून वाचायची. रेवदंड्याला वडील वाचत. इस्राएलात आल्यापासून चाळीस वर्षे नेहेमियाचा थोरला भाऊ एफ्राइम वाचत होता. पोथी मुंबईत छापलेली, पाने मक्याच्या सालीसारखी पिवळी, अक्षरे खसखशीएवढी. तिच्यात देवाने मिसरावर धाडलेल्या दहा पीडांची नुसती यादी नव्हती, एकेका पीडेचे भरघोस वर्णन होते. गेल्या वर्षी एफ्राइम मध्येच थांबला, त्याने चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला आणि पोथी मिटून टाकली. यंदा यरुशलेमहून त्याचा फोन आला.

"मी नाय येत रे ह्या वर्षी. तुम्ही करा."

"का म्हणून, दादा?"

"दिसत नाय. नुसतं शोभेला बसवून ठेवणार काय मला, फुलदाणीसारखं?"

"मोठ्या अक्षरात काढून देतो ना मी! बदामाएवढी अक्षरं. कॉम्प्युटर आहे घरात."

"कॉम्प्युटर," एफ्राइम म्हणाला. "बरं. काढलीस तर येतो."

त्या 'काढलीस तर'वर आता सगळे लटकत होते. एफ्राइम आला नाही तर मराठी वाचायला दुसरे कोणी नव्हते. पोरांना देवनागरी येत नव्हती, आणि नेहेमियाला येत असली तरी थोरल्या भावाच्या देखत किंवा माघारी त्याची जागा घेण्याचा विचार त्याला शिवला नव्हता.

एफ्राइमचा मुलगा योएल तेल अविवला संगणकाच्या कंपनीत होता. त्याने फोनवरूनच झाकण उघडायला लावले.

"आत हिरव्या पट्ट्या दिसतात, काका? दोन? काळे चौकोन चिकटवलेल्या?"

"दिसतात."

"ती मेमरी. त्यातली एक खराब असणार. आता एक काढायची, दुसरीवर चालवून बघायचं. मग उलटं. पण आधी प्लग काढा हां."

"अरे, सत्तावीस वर्षं क्रेनच्या मोटरी खोलल्या मी. प्लग काढायला तू शिकवणार?"

"बरं. आणि पट्टीचे सोनेरी दात पेन्सिलीच्या रबरानं पुसा."

"स्वच्छ आहेत."

"तरी पुसा, काका."

नेहेमियाने पुसले. मग एका पट्टीवर 'अ' आणि दुसरीवर 'ब' अशा चिठ्ठ्या चिकटवल्या, वहीत रकाने आखले आणि बंदरातल्या शिस्तीने चाचणी सुरू केली. दोन्ही पट्ट्या: पडले. फक्त ब: वीस मिनिटांत पडले. फक्त अ: सकाळ, दुपार, दुसरी सकाळ, पडले नाही. निदान इतके स्वच्छ होते की त्याला बऱ्याच दिवसांनी स्वतःविषयी आदर वाटला.

"मग संपलं काम," योएल फोनवर म्हणाला. "ब फेका. अ वर टाइप करा."

परंतु हा सल्ला देणाऱ्याला आपल्या काकाचे घर माहीत असूनही उमगलेले नव्हते. त्या घरात चांगला टॉवेल पाहुण्यांसाठी होता आणि विरलेला घरच्यांसाठी. लग्नात आलेला जेवणाचा सेट दोनदा बाहेर निघाला होता. नेहेमियाचा एक पांढरा सदरा तेरा वर्षे घडीतच होता, कारण त्याच्या तोलामोलाचा प्रसंग अजून आला नव्हता. जे उत्तम आहे ते जपावे आणि रोजचे भागवावे ते कमअस्सलावर, हा त्याचा धर्म होता. तेव्हा त्याने अ पट्टी चकचकीत पिशवीत गुंडाळली आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, बिस्किटांच्या थराखाली, ठेवून दिली. शुलामितला साखरेच्या दुखण्यामुळे बिस्किटे वर्ज्य होती. त्यामुळे त्या डब्याइतकी सुरक्षित जागा घरात नव्हती. यंत्रात त्याने ब बसवली.

"बेएमेत, काका? खरंच?" दोन दिवसांनी योएल ओरडला. "खराब पट्टीवर काम करताय आणि चांगली डब्यात?"

"नुसतं टायपिंग तर आहे. खरं काम छपाईचं. तेव्हा चांगली काढू. आत्तापासनं झिजवायची कशाला?"

"मेमरी झिजत नाही!"

"हरेक वस्तू झिजते, योएल. तू अजून लहान आहेस."

योएल त्रेचाळीस वर्षांचा होता.

नेहेमियाने ब पट्टीचा स्वभाव ओळखला. थोड्या कामाला ती तक्रार करत नसे. मजकूर वाढला की आतल्या कुठल्याशा कुजक्या फळीवर पाय पडे आणि सारे कोसळे. मग तो एकेका पानाची वेगळी फाइल करू लागला, तीन ओळी झाल्या की सेव्ह करू लागला. तरीही ती पडे, आणि बरेचदा सेव्ह करण्याच्या क्षणी पडे. नदीचे रक्त त्याने पाच वेळा केले. बेडूक सात वेळा बाहेर आले. उवा, माश्या, गुरांचा रोग, गळवे, गारा, टोळ. यातली एकही पीडा एका फेरीत उरकली नाही. टाइप करताना तो पुटपुटे, जेवताना पुटपुटे, आणि शुलामितच्या म्हणण्याप्रमाणे कूस बदलतानाही.

सणाच्या आदल्या सकाळी शेवटचे पान संपले. ब पट्टीने आपले काम बजावले होते. आता ठेवणीतली काढायची वेळ आली. नेहेमिया बिस्किटांचा डबा घ्यायला उठला, तो स्वयंपाकघरात आला आणि थबकला. फळीवर डबा नव्हता. फळीसुद्धा धुऊन, पुसून, वर कागद अंथरून परकी झाली होती.

"शुलामित, डबा कुठाय?"

"कुठला?"

"बिस्किटांचा गो!"

"कुठे असणार? हामेत्समध्ये." तिने हाताने कपाटाकडे खूण केली.

सणाचे सात दिवस गव्हाच्या आंबणाऱ्या पिठाचे काहीही, म्हणजे हामेत्स, घरात बाळगायचे नसते. ते एका कपाटात कोंबून कपाट बंद करतात आणि सिनेगॉगमार्फत परधर्मीय माणसाला रीतसर विकून टाकतात. सण सरला की परत घेतात. त्या कपाटाच्या दारावर तपकिरी टेपचे दोन फुलीसारखे पट्टे बसले होते.

"त्यात माझी मेमरी आहे!"

"बिस्किटांत?"

"खाली. थराखाली. टेप काढ."

"काढ काय? विकलं ते. दहा वाजले. आता आपलं नाय."

"तू माझी मेमरी विकलीस?"

"मी बिस्किटं विकली. तुम्ही बिस्किटांत काय काय पुरून ठेवता ते मला काय ठाऊक! चांगली वस्तू यंत्रात लावायची सोडून..." ती थांबली, कारण तिलाही दिसले की नवऱ्याचा चेहरा उतरला आहे. "तीच लावून छापा ना, ती दुसरी."

त्याने प्रयत्न केला. बदामाएवढ्या अक्षरांचे पहिले पान अर्धे बाहेर आले आणि पडदा निळा झाला. पुन्हा केले, पाव पान. दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, ह्या जातीची पट्टी आता मागवावी लागेल, सणानंतर. योएलला लावला, तो वडिलांना आणायला यरुशलेमकडे निघाला होता. "बाबा सकाळपासून कपडे करून बसलेत, काका," तो म्हणाला. "छापून झालं ना?"

"होतंय," नेहेमिया म्हणाला, आणि सिनेगॉगच्या कारभाऱ्याला, अव्राहामला, फोन लावला.

"चुकून गेलेली वस्तू खाण्याची आहे काय?" अव्राहामने विचारले.

"कॉम्प्युटरची आहे."

"कागदावर लिहिलंय, 'कपाट, आतल्या सर्व वस्तूंसह'. खाली तुमच्या बायकोची सही."

"मग?"

"मग ती आता ऑगस्टीनची. त्याची परवानगी घ्या आणि मगच टेपला हात लावा. मी काय सांगणार? नंबर देतो."

ऑगस्टीन वसईकडचा ख्रिस्ती. पलीकडच्या गल्लीत एका अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याची सेवा करायला आलेला, आणि गेली तीन वर्षे चाळीस घरांच्या हामेत्सचा कायदेशीर मालक.

"हॅलो, ऑगस्टीन? तुमच्या कपाटात माझी एक वस्तू राहिलीय."

"माझ्या कपाटात?"

"म्हणजे माझ्या घरातल्या तुमच्या कपाटात."

तीन वर्षे नुसती सही करत आलेल्या माणसाच्या मनात मालकी हळूहळू उजाडत होती.

"अंकल, ते खरंच माझं असतं?"

"खरंच."

"आत काय काय आहे?"

"शेवया, रवा, मैदा. बिस्किटं."

"कसली?"

"लोण्याची."

"म्हातारबाबा झोपलेत. आलोच."

तो आला, आणि त्याच्यामागोमाग धापा टाकत अव्राहामही आला. कारण आजवर एकही खरेदीदार माल ताब्यात घ्यायला आलेला नव्हता, आणि हा पायंडा पडला तर उद्या चाळीस घरांत काय होईल या कल्पनेने त्याला जिना चढवला होता. ऑगस्टीनने टेप ओढली, दार उघडले आणि आपल्या मालमत्तेवरून शांतपणे नजर फिरवली. मग डबा उचलला.

"इथे नाय हं!" शुलामित मध्ये आली. "चुरा पडेल. बाहेर!"

तेव्हा मालक जिन्यात गेला. तिथे उभ्याने त्याने तीन बिस्किटे खाल्ली. नेहेमिया उंबऱ्याच्या आत उभा राहून प्रत्येक बिस्किटागणिक तळ जवळ येताना पाहत होता. चौथ्याला चकचकीत पिशवी लागली.

"ही पण माझीच ना?"

"कागदाप्रमाणे," अव्राहाम खिन्नपणे म्हणाला.

"मग घ्या, अंकल, वापरायला दिली. सण झाला की बघू." आणि डबा बगलेत मारून तो जिना उतरला.

उसनी घेतलेली अ पट्टी यंत्रात बसली. छपाईयंत्र खरखरू लागले, आणि पाने एकामागून एक निमूटपणे बाहेर येत राहिली. शेवटचे पान निघाले तेव्हा ऊन बंदराकडे कलले होते आणि खाली योएलच्या गाडीचे दार वाजले.

सेदेरच्या टेबलावर हिब्रू वाचन आटोपले. नेहेमियाने पानांचा गठ्ठा भावापुढे ठेवला आणि हात टेबलाखाली घेतले. एफ्राइमने पहिले पान लांब धरले, जवळ आणले, आणि भरल्या आवाजात पहिली ओळ वाचली. दुसरी वाचली. मग पाने सारखी करून गठ्ठा धाकट्याकडे सरकवला.

"दिसत नाय, दादा?"

"दिसतंय. भिंतीला पण दिसेल असं केलंयस. तू वाच."

"मी? तुम्ही असताना?"

"चाळीस वर्षं मीच वाचतोय. एकदा ऐकू तर दे." एफ्राइमने चष्मा काढून घडी केली. "आणि योएल गाडीत सांगत होता, मशीननं तुला एकेक ओळ सात-सातदा लिहायला लावली म्हणे. मी जन्मात एवढ्यांदा वाचली नाय ती."

"वाचा हो," शुलामित म्हणाली. "झोपेत तर तेच चाललेलं असतं."

नेहेमियाने गठ्ठा पुढे ओढला. पहिल्या ओळीला आवाज कापला, दुसरीला स्थिरावला. नदीचे रक्त झाले तेव्हा त्याच्या ध्यानात आले की आपण पानाकडे पाहतच नाही. शब्द आपापले येत होते, वळणे घेत होते, योग्य जागी श्वास सोडत होते. बेडूक राजवाड्यात चढले, उवा धुळीतून उठल्या, माश्या आल्या, गुरे पडली, माणसांच्या अंगावर गळवे आली. मराठीचे अक्षरही न कळणारी नातवंडे चमचे खाली ठेवून ऐकत होती. एफ्राइम डोळे मिटून बसला होता. गारा कोसळल्या, टोळ उतरले.

नवव्या पीडेच्या तोंडाशी, मिसरावर अंधार पसरायच्या वेळी, जीभ अडली. नेहेमियाने पानावर बोट ठेवले, ओळ शोधली, एक शब्द गिळला, पुढचा चुकवला. एफ्राइमने डोळे न उघडता तो दुरुस्त केला. दोन ओळींनंतर पुन्हा तेच झाले.

"काय रे?" एफ्राइमने विचारले. "इतका वेळ पाण्यासारखा चालला होतास. इथेच काय झालं?"

नेहेमियाने पान दिव्याजवळ धरले. अक्षरे सुबक होती, ओळी सरळ होत्या, एकही चूक नव्हती.

त्या पानावर यंत्र एकदाही पडले नव्हते.