मशीनला गोडं पानी

मासेमारीची बंदी लागली, श्रीपतची होडी नायगावच्या खाडीकाठी वर ओढण्यात आली आणि तिच्या इंजिनास पावसाळाभर कसे निजवावे, हा गहन प्रश्न घरात उपस्थित झाला. इंजिन श्रीपतच्या कैलासवासी वडिलांनी घेतलेले. म्हातारा त्यावर हात ठेवून बोलू लागला की ऐकणाऱ्यास वाटे, पोटच्या पोराशीच बोलतो आहे. इंजिनाचे सुटे भाग आता कोठेही मिळत नसत. ते गंजून बंद पडले, तर त्यासोबत वडिलांचा उरलासुरला आवाजही बंद पडणार होता.

अशा वेळी समोरच्या टॉवरमधले, बँकेतून निवृत्त झालेले विलासराव मोबाइल घेऊन आले.

"श्रीपतराव, अँटीफ्रीझ भरा. थंड देशांत होड्या ठेवताना हेच करतात. आत पाणी गोठलं तर इंजिन फुटतं."

"आपल्याकडं बर्फ कोळनींच्या टोपलीत, तेवढाच."

"अहो, गंजही धरत नाही. फक्त निवड जपून करायची. हे हिरवं विषारी, वर चवीला गोड. कुत्र्यानं चाटलं की संपलं. हे गुलाबी त्यामानाने सौम्य."

श्रीपतची बायको रंभा तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवले. "आनि बंदी उठल्यावर ते सोडनार कुठं?"

"खाडीत," विलासरावांचा आवाज उतरला.

"आनि तिथल्याच चिखलातल्या निवट्या माशांचं कालवन मागायला तुम्ही आमच्याकडं येनार."

विषय तेथेच मिटला. श्रीपतच्या डोळ्यांपुढे मात्र विहिरीवरून हंडे वाहणारे वडील उभे राहिले. "बाबा म्हनायचे, वर्षभर खारं पिऊन मशीन दमलंय. त्याला गोडं पानी पाजा, मंग निजवा."

दुसऱ्याच दिवशी चिखलात श्रीपतचा पाय मुरगळला. त्याने विलासरावांना बोलावले. "तेवढं गोडं पानी पाजून या. पाइप बादलीत सोडा, मशीन चालवा, मंग कॉक उघडून सगळं सोडून द्या. पोटभर पाजा हां."

विलासराव कृतकृत्य झाले. जाताना त्यांनी रंभाकडून साखरेचा डबा मागून नेला. घरी पाहुणे आले असतील, असे समजून तिनेही तो दिला.

चार दिवसांनी श्रीपत विलासरावांना घेऊन लंगडत होडीपाशी गेला. त्याने ताडपत्री उचलली. वडिलांच्या इंजिनावर मुंग्यांची जत्रा भरली होती.

"विलासराव, काय पाजलंत याला?"

"गोडं पाणी. तीन किलो साखर घातली. चाखूनही पाहिलं."

"अहो, गोडं म्हंजे विहिरीचं. खारं नाय ते गोडं."

विलासराव फळीवर बसले. "आता काय करायचं हो?"

श्रीपत काही कठोर बोलणार, तोच त्याची दृष्टी खिळली. मुंग्यांची रांग सगळीकडे न फिरता पाइपच्या एकाच वळणाखाली जमत होती. त्याने तेथे अंगठा फिरवला. केसाएवढी चीर; साखरपाणी तिथूनच झिरपले होते. भर समुद्रात तो पाइप फुटता, तर पाण्यावाचून मशीन तापून जळाले असते.

त्या आठवड्यात पाइप बदलला. विलासरावांनी स्वतः विहिरीवरून दहा हंडे वाहिले. मशीन पोटभर प्याले, निथळले. श्रीपतने त्यावर तळवा ठेवला आणि हलकेच म्हणाला, "बाबा, पाजलं."

"पुढल्या वर्षी थेट विहिरीचंच आणेन," विलासराव ओशाळून म्हणाले.

"आनाच. पन आधी एक बादली तुमच्या पद्धतीची. चीर असली तर मुंग्या सांगतील."

मागून रंभा म्हणाली, "साखर तेवढी तुमच्या घरून आना."