बंद होत आहे, कृपया बंद करू नये

कोणतीही गोष्ट सुरू करायला एक माणूस पुरतो. बंद करायला मात्र सक्षम प्राधिकारी लागतो. हे ज्यांना पटत नाही त्यांनी सरकारी नोकरी केलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. (सूचना : कथेचे वाचन सुरू आहे. ते पूर्ण होईपर्यंत वाचकांनी कृपया जागा सोडू नये.)

गोंदियाजवळच्या कुडव्याच्या लक्ष्मीचंद टेंभरे यांनी ही नोकरी चौतीस वर्षं केली आणि आवक-जावक शाखेतून ते सन्मानाने निवृत्त झाले. या काळात त्यांच्या टेबलावरून एकही कागद हरवला नाही आणि एकाही कागदावर निर्णय झाला नाही. निर्णय हे वरच्यांचं काम. आपलं काम सादर करण्याचं, हे त्यांनी पहिल्याच आठवड्यात ओळखलं होतं. पुढची चौतीस वर्षं त्या ओळखीवर सुखात गेली.

निरोपाच्या दिवशी साहेबांनी सहज विचारलं, आता घरी काय करणार? तोंडी प्रश्नालाही लेखी उत्तर द्यायची सवय असल्यामुळे लक्ष्मीचंदांनी महिन्याभरात घरी संगणक आणला. तो मराठीत चालू केला. (मराठीचा वापर करावा असं परिपत्रक होतं, आणि निवृत्तांना ते लागू नाही असं कुणी कळवलेलं नव्हतं.) त्यात पुढील मालमत्ता होती : विजेच्या बिलाची प्रत एक, पत्त्यांचा खेळ एक, निरोप समारंभाचे फोटो अकरा, त्यांपैकी सातांत डोळे मिटलेले.

एवढी मालमत्ता म्हटल्यावर संरक्षण आलंच. आमगावचा जावई खुमेंद्र दिवाळीला आला तेव्हा त्याने संगणकात 'कवच' नावाचा सुरक्षा प्रोग्राम टाकून दिला. संक्रांतीला गोंदियाहून बहिणीचा मुलगा टिकेश आला. संगणक उघडा पडला आहे असं समजून त्याने 'रखवाला' नावाचा दुसरा टाकला. टेंभरे पोवार समाजाचे. पोवारांच्या घरात भाच्याच्या पाया मामा पडतो, आणि जावयाचा मान तर सांगायलाच नको. तेव्हा एकाचं आहे म्हणून दुसऱ्याला नको म्हणणं हे लक्ष्मीचंदांच्या जिभेला शक्य नव्हतं. त्यांनी दोघांनाही चहा दिला.

त्या दिवसापासून संगणक जिल्ह्यातला सर्वाधिक सुरक्षित संगणक झाला. कवच रखवाल्याला संशयित समजे, रखवाला कवचाला. बाहेरून काही घुसतंय का हे पाहायला दोघांपैकी कुणालाच सवड नव्हती. लक्ष्मीचंदांना यात वावगं वाटलं नाही. त्यांच्या कार्यालयातही आवक शाखा जावक शाखेवर लक्ष ठेवायची आणि कामकाज सुरळीत चालायचं. (कामकाज म्हणजे लक्ष ठेवणं.)

पुढे उन्हाळ्यात योगेश्वरीला, म्हणजे लक्ष्मीचंदांच्या मुलीला, दुसरी मुलगी झाली. दुसरी खेप असल्याने बाळंतपण आमगावलाच, सासरी झालं. थोरलीचं नाव सासऱ्यांनी ठेवलं होतं. या वेळी योगेश्वरीने हट्ट धरला की धाकटीचं नाव माझे बाबा ठेवतील. फोन ठेवल्यावर लक्ष्मीचंदांनी चष्मा पुसला, आणि बराच वेळ पुसला. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्याकडे निर्णय मागितला होता. बारसं रविवारी दुपारी बाराला होतं.

सोमवारी दिवसभर बसून त्यांनी संगणकावर नावांची यादी केली आणि संध्याकाळी संगणक बंद करायला घेतला. पडद्यावर आधी दोन ओळी आल्या. 'कवच : रखवाला बंद होण्याची वाट पाहत आहे.' 'रखवाला : कवच बंद होण्याची वाट पाहत आहे.' मग सगळा पडदा निळा झाला आणि मधोमध अक्षरं उमटली : संगणक बंद होत आहे. कृपया संगणक बंद करू नये.

दुसरा कुणी असता तर गोंधळला असता. लक्ष्मीचंदांना उलट घरी आल्यासारखं वाटलं. जी गोष्ट होत आहे ती आपण करू नये, याच तत्त्वावर त्यांची बढती झाली होती. त्यांनी खुर्ची ओढली आणि वाट पाहायला बसले.

मंगळवारी पडदा तसाच होता. बुधवारी घरात पाळीपत्रक लागलं. चौदा तास लक्ष्मीचंद, आठ तास पत्नी सुखवंताबाई, उरलेले दोन तास शेजारचे केशोराव. (केशोरावांना दिसत कमी होतं, पण हजेरी चांगली होती.) कुणी वायरला पाय लावू नये अशी ताकीद होती, आणि लाइट गेली तर मशीन बंद पडू नये म्हणून बॅटरीचा डबा जोडलेला होताच. शेजारी नोंदवही होती आणि तीत तासाला एक नोंद व्हायची : 'समक्ष पाहणी केली. बंद होत आहे.' गुरुवारपर्यंत अशा चाळीस नोंदी झाल्या. त्यांपैकी एकीत सुखवंताबाईंनी 'भाजी लागली' असं लिहिलं होतं. ती नोंद विषयाला सोडून असल्याचा शेरा मारण्यात आला.

शुक्रवारी त्यांनी नाक्यावरच्या रूपेशला बोलावलं. रूपेश चाळिशीचा, वीस वर्षं संगणक दुरुस्त करणारा माणूस. त्याने पडद्याकडे पाहिलं आणि बसलासुद्धा नाही.

"काका, दोन चौकीदार ठेवले तुमी. ते चोराले सोडून एकमेकालेच पकडून रायले," तो म्हणाला. "बटन पाच सेकंद दाबून धरा, मंग दोघातला एक काढून टाका. खतम."

कोणता काढायचा, असं लक्ष्मीचंदांनी विचारलं. कोणताही, रूपेश म्हणाला. या उत्तरातला बेजबाबदारपणा लक्ष्मीचंदांना सहन झाला नाही. जावयाचा काढावा तर रविवारी त्याच्याच अंगणात जेवायला बसायचं होतं. भाच्याचा काढावा तर तोही त्याच पंगतीत असणार, आणि ज्याच्या पाया पडायचं त्याला मागून धक्का द्यायचा. त्यांनी रूपेशकडे हे सगळं लेखी मागितलं. रूपेशने समोरच्या वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर लिहून दिलं. त्यावर ना शिक्का ना जावक क्रमांक, त्यामुळे कार्यवाही करता आली नाही.

एवढ्यावर सुखवंताबाईंनी एक साधा प्रश्न विचारला. नाव ठरलं आहे ना, मग ते तोंडाने सांगून टाका. लक्ष्मीचंदांनी त्यांना समजावलं की कागदावर आलेली गोष्ट डोक्यातही ठेवणं म्हणजे दुबार नोंद होते. यादी संगणकात आहे आणि संगणक बंद होत आहे. तो बंद झाला की चालू करता येईल, आणि चालू झाला की नाव मिळेल. सुखवंताबाईंनी सदतीस वर्षांचा संसार केला होता. त्या पोळ्या करायला निघून गेल्या.

रविवारी सकाळी त्या पातळ नेसून तयार झाल्या, पण लक्ष्मीचंद खुर्चीतून उठेनात.

"का जी, बारसं नातीचं आहे का याचं?" त्यांनी विचारलं. "तो बंद होऊन रायला तर होऊ द्या ना. आपण कायले बसाचं?"

लक्ष्मीचंदांनी पडद्यावरच्या अक्षरांकडे बोट दाखवलं. सुखवंताबाईंनी ती वाचली, पिशवी उचलली आणि एकट्याच सकाळच्या गाडीने आमगावला गेल्या.

साडेनऊला लाइट गेली. बॅटरीचा डबा वीस मिनिटं टीं टीं करत राहिला, मग त्यानेही मान टाकली. पडदा काळा झाला. सहा दिवस जे होत होतं ते एकदाचं झालं, आणि त्यात लक्ष्मीचंदांचा काडीचाही दोष नव्हता. इतकं हलकं त्यांना निवृत्तीच्या दिवशीही वाटलं नव्हतं. यादी तर यादी, नाव वाटेत आठवू म्हणून त्यांनी नवा शर्ट चढवला, मोटारसायकल काढली. आमगाव पंचवीस किलोमीटर, हातात दोन तास. नात दिसणार होती.

ते गल्लीच्या तोंडाशी पोचले असतील नसतील, तोच कोपऱ्यावरची पिठाची चक्की घरघरू लागली. लाइट आली होती. लक्ष्मीचंदांनी ब्रेक दाबला. संगणक बंद झाला खरा, पण रीतसर झाला नव्हता. चौतीस वर्षांत त्यांनी कोणतंही काम अर्धवट टाकून घर गाठलं नव्हतं. त्यांनी गाडी वळवली.

संगणक चालू केला. आपण मागील वेळी संगणक योग्य रीतीने बंद केला नव्हता, असं त्याने बजावलं. लक्ष्मीचंदांनी मान खाली घातली. मग आधी कवचाने रखवाल्याची झडती घेतली, मग रखवाल्याने कवचाची, आणि साडेअकराला यादी उघडली. त्रेचाळीस नावं होती, अनुक्रमांकासह, एकाखाली एक. तळाशी ठळक अक्षरांत एक ओळ होती : 'योग्य त्या निर्णयार्थ सविनय सादर.'

ती ओळ त्यांनी तीनदा वाचली. कुणाला सादर, हे लिहायचं राहून गेलं होतं. घरात दुसरं कुणी नव्हतं. त्यांनी संगणक रीतसर बंद व्हायला लावला आणि निळ्या पडद्यासमोर बसले.

बाराला फोन आला.

"बाबा, पोरगी मांडीवर आहे, बाया थांबल्या आहेत," योगेश्वरी म्हणाली. "एक नाव सांगा ना. कोणतंही."

पुन्हा तेच, कोणतंही. त्रेचाळीसही चांगली आहेत, पाच मिनिटं दे, असं लक्ष्मीचंद म्हणाले. पाच मिनिटांनी त्यांनी फोन लावला तेव्हा पलीकडे पाळण्याची गाणी चालू होती आणि कुणालाच काही ऐकू येत नव्हतं.

सुखवंताबाई संध्याकाळी परतल्या. त्यांनी लाडवांचा डबा संगणकाच्या डोक्यावर ठेवला. पोरीचं नाव दुर्गेश्वरी ठेवलं, त्या म्हणाल्या. गाडीत बसल्यावर वाटेतलं पहिलंच गुदमा स्टेशन यायच्या आत त्यांना ते सुचलं होतं. मग पदर सारखा करत त्यांनी पुढची बातमी दिली. पंगतीत संगणकाचा विषय निघाला होता. खुमेंद्रने स्वतःच्या घरचा कवच गुढीपाडव्यालाच काढून टाकला होता, फार जड जातो म्हणून. टिकेशनेही रखवाला कधीच काढला होता. मामाजींनी अजून ठेवला का, म्हणून दोघंही पोट धरून हसले होते.

घड्याळात सुखवंताबाईंच्या पाळीची वेळ झाली. त्या खुर्चीत बसल्या, निळा पडदा वाचला, आणि बाहेर जाताना पंखा बंद करावा तसं भिंतीवरचं बटन खाली केलं. डबा टीं टीं करू लागला, तर त्याचंही केलं. काहीच झालं नाही. स्फोट नाही, धूर नाही, चौकशी नाही. फक्त इतके दिवस चाललेली घरघर थांबली.

"झाला बंद," त्या म्हणाल्या. "पाच दिसांची होती तवा पाहाले या म्हटलं होतं तिनं. बारा दिसांची झाली."

लक्ष्मीचंदांनी नोंदवही ओढली, डोळे पुसले आणि शेवटची नोंद केली : 'संगणक बंद झाला. कारण : सौ. सुखवंता.' मग मोटारसायकलची किल्ली शोधायला उठले.

राहता राहिले आपण. लक्ष्मीचंदांना हसून झालं असेल तर जरा मागे वळून पाहावं. पहिल्याच परिच्छेदात कंसात एक सूचना होती. ती कुणी काढली, कशासाठी, कोणत्या अधिकारात, हे आपण विचारलं नाही. तिच्यावर शिक्का नव्हता, जावक क्रमांक नव्हता, तरी आपण जागचे हलला नाहीत. आत कुणी दोनदा हाक मारलेली असण्याची शक्यता आहे. जा आता, ताट वाढलं असेल.