प्लिमथ गाडीच्या उजव्या कलाची हकीकत

श्री. सकल वाटांची आणि वळणांची स्वामिनी जी घाटमाथ्याची जगदंबा, तिचे चरणी मस्तक ठेवून मजकूर लिहिला जातो. वाचणाराने मध्ये उठू नये आणि लिहिल्यात शंका काढू नये. ज्यांनी डोळ्यांनी पाहिले त्यांनीच सांगितले आहे. शके एकोणीसशे एकवीस, प्रमाथीनाम संवत्सर, कार्तिक वद्य दशमीचे दिवशी नदीअलीकडील राज्यात थोरल्या सरकारांची प्लिमथ गाडी खिंडीचे रस्त्यावर खड्ड्यात आदळून उजव्या पुढल्या पायाने खाली बसली. सरकार कैलासवासी होऊन अठरा वर्षे जाहली होती. गाडीत त्यांच्या राणीसाहेब पद्मावतीबाई मात्र होत्या. त्या उतरल्या नाहीत. काच खाली करून सारथ्यास इतकेच बोलिल्या की, "बाजीबा, मिस्त्रीस येथे आणा. गाडी दोराने ओढून न्यावयाची नाही. थोरल्या सरकारांची गाडी दोर बांधून गावात शिरली नाही, शिरणार नाही." मग बाजीबा सायकलीवरून गेला आणि बाईसाहेब भर उन्हात दोन प्रहर गाडीत ताठ बसून राहिल्या.

या गाडीचे मूळ सांगितल्याखेरीज पुढील अर्थ लागणार नाही. शके अठराशे अठ्ठ्याहत्तर, दुर्मुखनाम संवत्सरी, या राज्याचे दोघे बंधू मुंबईस गेले आणि अमेरिकेची एकेक गाडी घेऊन आले. थोरल्यांनी प्लिमथ आणिली, धाकट्यांनी डॉज आणिली. दोघेही देहाने भारदस्त, दोघेही गाडी स्वतः हाकणारे, आणि दोघांचाही अभिमान मोठा. थोरले म्हणत, प्लिमथाची चाल हत्तीची. धाकटे म्हणत, डॉजपुढे प्लिमथ म्हणजे रेडा. ऐसे हसत हसत वर्षे गेली आणि मग चुलत पुतण्याचे लग्नात, नवरा वरातीस कोणाच्या गाडीत बसणार, यावरून शब्दास शब्द वाढला. थोरल्या बाईसाहेब चारचौघांत बोलिल्या की, "डॉजचा सुटा खिळादेखील आमचे गाडीस शोभणार नाही." धाकट्या वेणूबाईसाहेबांनी तो शब्द पदरी बांधिला. नवरा शेवटी पायी गेला, दोन्ही गाड्या मांडवाबाहेर तोंड फिरवून उभ्या राहिल्या, आणि तेव्हापासून राज्य दोन जाहले: नदीअलीकडे प्लिमथ, नदीपलीकडे डॉज. पुढे दोघे बंधू दोन वर्षांचे अंतराने निवर्तले. जावा जावांशी बोलिल्या नाहीत.

आता कलाची गोष्ट. या घराण्याचा रिवाज असा की पतीपत्नींनी लोकांदेखत अंगास अंग लावू नये. देवळातही दोघांमध्ये हातभर जागा सोडून उभे राहावे. परंतु प्लिमथाची पुढील बैठक अखंड एक, बाकासारखी. सरकार उजवीकडे चक्राशी बसत, बाईसाहेब डावीकडे. सरकारांच्या पंचवीस वर्षांच्या भाराने उजव्या पुढल्या चाकावरील पोलादी वेटोळे, ज्यास कारागीर स्प्रिंग म्हणतात, दबून गेले आणि गाडी त्या अंगास चार बोटे कलली. मग घाटात डावे वळण आले की बाईसाहेब हळूच घसरत आणि त्यांचा खांदा सरकारांचे खांद्यास लागे. लोक रस्त्याकडेने मुजरे करीत आणि कोणास काही दिसत नसे. सरकार समोर पाहत आणि म्हणत, "गाडी कलते, काय करणार?" बाईसाहेब म्हणत, "मिस्त्रीस दाखवावी." आणि मिस्त्रीस कधी दाखविली नाही. सरकार गेल्यावर बाईसाहेब मागील बैठकीवर डावीकडे बसू लागल्या. वळण आले की गाडी त्यांस उजवीकडे ओढी, तेथे कोणी नसे, आणि तरीही ते ओढणे त्यांस हवे असे. गाडी राज्यात आली तो दिवस मार्गशीर्ष शुद्ध पंचमी. दरवर्षी त्या दिवशी सकाळी खिंडीपर्यंत जाऊन देवीस नारळ वाहून परतावे, हा सरकारांचा नेम त्यांनी अठरा वर्षांत चुकविला नव्हता. पंचमीस दहा दिवस उरले होते.

मिस्त्री यासीनभाई आले. यांचे वडिलांनीच दोन्ही गाड्यांचे पहिले तेल बदलिले होते. ते गाडीखाली गेले, काही काळ ठोकठाक ऐकू आली, आणि बाहेर येऊन हात पुसत म्हणाले, "आईसाहेब, स्प्रिंग गेलं. सरळ दोन तुकडे." लाकडी ठोकळ्याचा आधार देऊन गाडी दोराविना हळूहळू वाड्यात आणिली. मग कारभारी नरहरपंत, ज्यांस प्रत्येक विषयाचे ज्ञान होते, पुढे जाहले आणि म्हणाले, "शेवरोले गाडीचे घाला. तेही अमेरिकेचेच." यासीनभाई नको नको म्हणत असता पंतांनी तालुक्याहून ते आणविले आणि बसविण्याचा हट्ट धरिला. तेणेकरून गाडीने उजवा खांदा असा उंच केला की जणू रुसून बसलेली थोरली सूनच. यासीनभाई म्हणाले, "पंत, मुलूख एक म्हणून सोयरीक जमत नाही. शेवरोलेचं गोत्र निराळं. माणसांत सगोत्र चालत नाही, गाड्यांत सगोत्रच चालतं." पंत म्हणाले, "मग नवे वळवून घ्या." यासीनभाई म्हणाले, "वळवतो की! गाडी सुतासारखी सरळ उभी करतो." तेव्हा बाईसाहेब प्रथमच मोठ्याने बोलिल्या, "सरळ नको." यासीनभाईंनी खाली पाहून, जपून विचारिले, "एक वेढा कापून बसवू? कलेल आपोआप." बाईसाहेब म्हणाल्या, "कापून आणलेला कल आम्हांस नको. बसून बसून आलेला पाहिजे. सगोत्र कोण, ते सांगा."

यासीनभाई पान्हे पिशवीत भरू लागले. मग आज्ञा जाहली, तेव्हा म्हणाले, "एक डिसोटो. ती या मुलखात नाही. आणि दुसरी… नदीपलीकडची." पंतांनी कानांवर हात ठेविले. यासीनभाई म्हणाले, "आता विषय निघालाच आहे तर सांगतो. पुढची जाळी आणि नावाची अक्षरं सोडली, तर दोन्ही गाड्या एकच आहेत, आईसाहेब. तेच स्प्रिंग, तेच बुश, तेच सगळं. खाली झोपलो की मलाच कळत नाही, कुणाच्या गाडीखाली झोपलोय." बाईसाहेब म्हणाल्या, "त्रेचाळीस वर्षे हे बोलला नाहीत?" "अब्बांना थोरल्या सरकारांनी शपथ घातली होती. धाकट्यांनीही घातली होती. दोघांनाही पहिल्या महिन्यातच कळलं होतं." हे ऐकून बाईसाहेब उठून आत गेल्या आणि त्या दिवशी पुन्हा दिसल्या नाहीत.

दुसरे दिवशी नदीपलीकडे पत्र रवाना जाहले. बाईसाहेबांस मागणे ठाऊक नव्हते, आज्ञाच ठाऊक होती, म्हणून पत्रात लिहिले: "आपणाकडील गाडीचे उजवे पुढील स्प्रिंग पाठविणे." उत्तर पत्र नेणाऱ्या माणसाबरोबरच आले: "आमची गाडी डॉज आहे. तिचा सुटा खिळाही प्लिमथास शोभणार नाही, असे ऐकिले होते." नरहरपंत म्हणाले, "काय हा उर्मटपणा!" बाईसाहेब म्हणाल्या, "उर्मटपणा नव्हे, पंत. माझेच वाक्य आहे. नीट जपून ठेविले आहे तिने." आणि मग तीन दिवस नवे पत्र लिहिले, फाडिले, लिहिले, फाडिले, आणि चतुर्थ दिवशी, गाडी नाही म्हणून दुधाच्या टेम्पोत पुढे बसून, रिकाम्या कॅनांचा खडखडाट मागे घेऊन, स्वतः नदी उतरून पलीकडे गेल्या. लोकांनी मुजरे केले. त्यांनी टेम्पोतूनही मान तितकीच लववून ते घेतले.

वेणूबाईसाहेब पत्र्याच्या शेडपाशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. आत डॉज उभी होती, उजवीकडे चार बोटे कललेली. वेणूबाई उठल्या, रिवाजाप्रमाणे पायाला हात लावला आणि म्हणाल्या, "या, आक्कासाहेब. टेम्पोनं आलात? प्लिमथाला काय झालं, हत्तीचा पाय मोडला?" बाईसाहेब म्हणाल्या, "मोडला. पाणी तरी विचारशील की नाही?" पाणी आले, गूळ आला. मग बाईसाहेबांनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "वेणू, मी मागायला आले आहे." वेणूबाई डॉजकडे पाहत म्हणाल्या, "तुमची गाडी अठरा वर्षं चालली तरी. माझी इथंच. सारथी राहिला नाही, मुलगा परदेशी. रोज सकाळी दार उघडते आणि घटकाभर हिच्याकडं बघत बसते. कशाकडं, ते तुम्हांला सांगायला नको. ते उठून नुकतेच चहाला गेल्यासारखी दिसते गाडी." हे ऐकिले आणि बाईसाहेबांचा स्वर प्रथमच खाली आला. त्या म्हणाल्या, "मग नको. तुझा कल तुझ्यापाशी राहू दे. मला ठाऊक नव्हते. मला वाटले, ते फक्त माझ्याच गाडीत आहे." आणि उठून टेम्पोकडे चालू लागल्या.

वेणूबाई मागून म्हणाल्या, "बसा खाली! निघाल्या लगेच. त्रेचाळीस वर्षं जाऊ म्हणून ओळखते, एक वाक्य बोलायचं आणि पाठ फिरवायची." मग जवळ येऊन हळू आवाजात म्हणाल्या, "बघून बघून काय होतं हो? यांचा कल कळतो तो गाडी चालताना, उभ्या उभ्या नव्हे. न्या स्प्रिंग. यासीनला उद्या पाठवा. पण पंचमीला मी येणार. आणि उजवीकडं मी बसणार, ती यांची बाजू." बाईसाहेब म्हणाल्या, "ती आमच्या सरकारांचीही बाजू आहे." वेणूबाई म्हणाल्या, "मग भांडत बसू जागेवरून? की येऊ?" बाईसाहेब म्हणाल्या, "ये."

यासीनभाईंनी डॉजचे स्प्रिंग काढून प्लिमथास बसविले. खिळ्यास खिळा, भोकास भोक जुळले; कानस लावावी लागली नाही. डॉजखाली लाकडी ठोकळा ठेविला, तोही वेणूबाईंनी मोजून चार बोटे तोकडाच करविला. आणि मार्गशीर्ष शुद्ध पंचमीस प्रातःकाळी गाडी निघाली, उजवीकडे कललेली. बाजीबा चक्रावर, मागे डावीकडे पद्मावतीबाईसाहेब, उजवीकडे वेणूबाईसाहेब, मध्ये रिवाजाची हातभर जागा. दोघी आपापल्या खिडकीतून बाहेर पाहत होत्या. खिंडीचे पहिले डावे वळण आले आणि गाडीने जुन्या सवयीने थोरल्या बाईसाहेबांस हळूच उजवीकडे ओढिले, आणि अठरा वर्षांनी त्यांचा खांदा रिकाम्या जागी न जाता खांद्यास लागला. त्या सावरून दूर होऊ लागल्या, तो वेणूबाई खिडकीतून नजर न काढिता बोलिल्या, "राहू दे, आक्कासाहेब. भार टाका. डॉजचं आहे, सोसेल." बाईसाहेब म्हणाल्या, "गाडी कलते, काय करणार?" पुढे वळणे पुष्कळ होती. खिंडीत देवीस दोन नारळ वाहिले.

येणेप्रमाणे हकीकत. प्लिमथ आणि डॉज एकच होत्या, हे बंधूंस एका महिन्यात कळले आणि जावांस कळावयास त्रेचाळीस वर्षे लागली. गाडी आजमितीस कललेली आहे. ती कोणाच्या भाराने कलली, हे दोघींपैकी कोणी विचारिले नाही. पुढे जो कोणी या गाडीचा धनी होईल, त्याने ती सरळ करू नये, ही आज्ञा. लेखनमर्यादा.