बळवंतराव गव्याची विश्रांती

एका जंगलात, मुलांनो, हृदयाची बायपास होत असे. हसू नका. तुमच्या गावात अजून धड दवाखाना नाही, म्हणून जंगलातही नसेल असं समजू नये.

तिथे बळवंतराव नावाचे एक गवे राहत. देह डोंगराएवढा, आणि आवड एकच, बसून रवंथ करण्याची. व्हायचं तेच झालं. एके दिवशी छातीत कळ आली. सुतारपक्षी डॉक्टरांनी छाती उघडली, पायातली शीर काढून हृदयाला जोडली आणि अडलेल्या रक्ताला नवी वाट करून दिली. टाके सुगरणीने घातले. ते इतके सुबक होते की शेजारणी मुद्दाम बघायला येत.

"झकास झालं," डॉक्टर म्हणाले. "आता जड उचलायचं नाही, टक्कर घ्यायची नाही. पण हिंडाफिरायला लागा. रोज थोडं थोडं."

यातली शेवटची दोन वाक्यं घरापर्यंत पोचलीच नाहीत, कारण घरी पाहुणे आधीच पोचले होते.

भिकाजी अस्वल मध घेऊन आले होते. "माझ्या साडूचंही हेच झालं होतं," ते म्हणाले. "बरा होता हो. जरा नदीपर्यंत फिरायला गेला. मग काय."

"मग काय?" बळवंतरावांनी विचारलं.

"जाऊ द्या. तुम्ही मध घ्या."

झालं. वत्सलाबाईंनी, म्हणजे बळवंतरावांच्या पत्नीने, त्या दिवसापासून एकच मंत्र धरला. "अहो, हलू नका." गवत तोंडापाशी येऊ लागलं. पाणी तोंडापाशी येऊ लागलं. माशी हाकलायला शेपूट उचलली तरी त्या म्हणत, "राहू द्या, मी हाकलते." शिवाय समोरच्या झाडावर एक म्हातारा वानर बसवला. हे हलले की त्याने हाक मारायची.

वत्सलाबाई दुष्ट नव्हत्या, बरं का. त्या घाबरल्या होत्या. बळवंतराव तर त्यांच्याहून जास्त घाबरले होते. नवी शीर जागची निसटेल या भीतीने ते शिंकसुद्धा दाबून ठेवत.

पण उन्हाळा काही कोणाच्या टाक्यांसाठी थांबत नाही. त्या जंगलात वैशाखात ओढा आटे. मग सारा कळप खिंड चढून पलीकडच्या डोहावर जाई. खिंड न चढणारा मागे राही, आणि मागे राहिलेल्याचं पुढे काय होतं याबद्दल कळपात कोणी बोलत नसे.

"आपण दोघं इथेच राहू," वत्सलाबाई म्हणाल्या. "दव चाटून काढू दिवस."

त्या हसत हसत म्हणाल्या. पण बळवंतरावांनी मनातल्या मनात हिशेब केला. आपण तर जाऊच, ही बाईही आपल्यापायी तहानेने जाईल.

वैशाख अजून लांब होता, आणि ओढ्यावर एक करकोचा उतरला होता. थंडीचा पाहुणा, हिमालयापलीकडून आलेला. तो रोज सकाळी एक पाय उचले, पंख पसरे, मिटे, आणि हे सगळं इतकं हळू की मासेही बुचकळ्यात पडत.

"गुरुजी, हे काय?" बळवंतरावांनी पडल्या पडल्या विचारलं.

"ताय ची. चीनमध्ये शिकलो. तुमच्यासारख्यांना चांगलं. डॉक्टर काय म्हणाले?"

"हिंडाफिरा म्हणाले."

"मग उठा."

"वानर बघतोय."

करकोच्याने झाडाकडे पाहिलं. "वानराची नजर उडी पकडते, धाव पकडते. याच्याकडे बघून त्याला झोप येईल. श्वास घ्या. आता वजन या पायावरून त्या पायावर न्या. तुडुंब घागर या कडेवरून त्या कडेवर घेतात ना, तसं. सांडायचं नाही."

बळवंतरावांनी वजन नेलं. काही सांडलं नाही. शीरही निसटली नाही. कित्येक दिवसांनी त्यांना बरं वाटलं.

मग हे रोजचंच झालं. वानर रोज संध्याकाळी वत्सलाबाईंना खबर देई.

"काही हालचाल नाही, वहिनी. सकाळी जांभळीखाली होते, आत्ता करंजाखाली आहेत. पण हलताना काही दिसले नाहीत."

"झाडंच सरकली असतील," वत्सलाबाई समाधानाने म्हणत.

बळवंतरावांना झोप लागू लागली. पायांची थरथर गेली. एकदा ते मनसोक्त शिंकले आणि काहीही झालं नाही. करकोचा फाल्गुनात आपल्या देशी गेला, तोवर गुरूची गरज संपली होती.

वैशाख आला. ओढा आटला. कळप निरोप घ्यायला जमला. भिकाजींनी तर बळवंतरावांच्या गुणांवर चार शब्द बोलायला सुरुवातही केली. तेवढ्यात बळवंतरावांनी सावकाश पाय उचलला.

"अहो, हलू नका," वत्सलाबाई म्हणाल्या.

"हलत नाही गं," बळवंतराव म्हणाले आणि खिंड चढू लागले.

वत्सलाबाई मागून निघाल्या. अर्ध्या वाटेत त्यांना धाप लागली. इतके महिने पहारा करताना त्याही जागच्या हलल्या नव्हत्या. "जरा बसू या का?" त्यांनी विचारलं. बळवंतराव थांबले, त्यांच्या शेजारी उभे राहिले आणि त्यांना श्वास कसा सोडायचा ते हळूच सांगितलं.

दोघं डोहावर पोचली तेव्हा सगळा कळप धावत आला. हा चमत्कार झाला कसा?

"विश्रांती," वत्सलाबाई म्हणाल्या. डोळ्यांत पाणी होतं. "इकडची काडी तिकडे करू दिली नाही मी."

"मी साक्षीदार आहे," वानर म्हणाला. "एकदाही हलले नाहीत."

भिकाजींनी आठवड्याभरात डोहाकाठी विश्रांती केंद्र काढलं. ससे, हरणं, साळिंदरं, सगळे येऊन ओळीने आडवे झाले. उद्घाटनाला बळवंतरावांना बोलावलं. ते बोलायला उभे राहिले, पहिल्या रांगेतल्या वत्सलाबाईंचा फुललेला चेहरा पाहिला आणि म्हणाले, "हिच्यामुळे वाचलो." खोटं म्हणावं, तर तेही नव्हतं.

पुढच्या वर्षी सुतारपक्षी डॉक्टरांना दोन मदतनीस ठेवावे लागले.

तात्पर्य: सावकाश चालणारा खिंड चढतो, हे खरं. पण घरच्यांना कळू देऊ नये. कळलं की बरं व्हायलाही परवानगी लागते.