एन्कार्नाचे अंगण आणि गोगलगाई

संध्याकाळी अंगणांच्या स्पर्धेचे परीक्षक येणार म्हणून एन्कार्ना पहाटेपासून राबत होती. भिंतीवरच्या निळ्या कुंड्या पुसल्या, वाळकी पाने खुडली, सगळ्यांना भरपूर पाणी घातले. दुपारी जेवण झाले आणि तिची पाठ धरली. "जरा पडते," म्हणून ती आत गेली. नवरा आन्सेल्मो सोफ्यावरच आडवा झाला. सगळे कोर्दोबा शहर झोपले. जागी राहिली एकटी वेन्ला.

वेन्ला फिनलंडची, सोळा वर्षांची. शाळांच्या अदलाबदलीत वर्षभरासाठी या घरी राहायला आलेली. मुलगी गुणाची. पानात पडेल ते खायची, न सांगता भांडी विसळायची. दोन गोष्टी मात्र तिला काही केल्या जमत नव्हत्या: दुपारची झोप आणि स्पॅनिशमधला भूतकाळ.

घरात फिरता फिरता तिला मोरीत खिळ्याला टांगलेली जाळीची पिशवी दिसली. आत गोगलगाई. आन्सेल्मोने शेताच्या बांधावरून वेचून आणलेल्या. रविवारी पुदिना आणि तिखट घालून त्यांचा रस्सा व्हायचा होता, आणि तोवर पोट साफ व्हावे म्हणून त्यांना उपाशी ठेवले होते. हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. वेन्लाला कुणी सांगितले नव्हते, कारण असले काही सांगावे लागते हे कुणाच्या डोक्यातच आले नव्हते.

तिचा जीव कळवळला. ती सोफ्यापाशी गेली.

"आन्सेल्मो, गोगलगाई. त्यांना भूक."

"हं."

"मी त्यांना बाहेर नेते? पानांवर?"

"हो पोरी, हो," असे म्हणून आन्सेल्मोने कूस बदलली.

परवानगी मिळाली. वेन्लाने एकेक गोगलगाय अलगद उचलली आणि ओल्या कुंड्यांमध्ये नेऊन ठेवली. एकीवरही अन्याय नको म्हणून प्रत्येकीला वेगळे पान दिले. गोगलगाय आणि पोटात पाय म्हणतात ते उगीच नाही. कित्येक दिवसांच्या उपाशी त्या. बघता बघता भिंतभर पांगल्या.

एन्कार्ना उठून अंगणात आली आणि तिने जी किंकाळी फोडली, ती ऐकून शेजारची कुत्री भुंकायला लागली.

"आन्सेल्मो! ऊठ! तुझा रस्सा माझी फुलं खातोय!"

मग तिघांची पळापळ. आन्सेल्मो चाळणी घेऊन जमिनीवर रांगत होता, एन्कार्ना खालच्या कुंड्या धुंडाळत होती, आणि वेन्ला शिडीवर चढून वरच्या ओळीतल्या गोगलगाई सोडवत होती. आपण काय केले हे आता तिच्या लक्षात आले होते. दरवर्षी समोरची कासिल्दा बक्षीस नेते आणि एन्कार्ना हात हलवत परत येते, हेही तिने ऐकले होते. शिडीवरच तिचे डोळे भरून आले.

"रडू नकोस," एन्कार्ना खालून म्हणाली. "रडायला अख्खी रात्र पडलीय. आत्ता वेच. ती बघ, जाईच्या मागे दोन!"

परीक्षक आले तेव्हा चाळणी भरलेली होती आणि एन्कार्नाने नुकताच चुरगळलेला झगा बदलून केस सारखे केले होते. मुख्य परीक्षक लेआन्द्रोसाहेब, पांढरा सूट घातलेले म्हातारे गृहस्थ, जाईचा वास घ्यायला वाकले. सरळ झाले तेव्हा त्यांच्या कॉलरवर एक गोगलगाय बसली होती. शिंगे काढून ती चारी दिशांना बघत होती.

वेन्ला पुढे झाली.

"माफ करा. गोगलगाय माझी. मी आज दुपारी सोडते. उद्या पण सोडते... नाही, उद्या नाही! एन्कार्ना चांगली. शिक्षा मला."

लेआन्द्रोसाहेबांनी एन्कार्नाकडे पाहिले. "परकी पोर आहे, तिला काय कळतंय," एवढे म्हटले असते तरी एन्कार्ना सुटली असती. तिने वेन्लाच्या खांद्यावर हात ठेवला.

"आमच्याच आहेत साहेब. फुलं खरी असली की गोगलगाय येणारच. प्लॅस्टिकवर कधी चढलेली पाहिलीत?"

म्हातारबुवा इतके हसले की त्यांना खोकला आला. गोगलगाय त्यांनी स्वतःच्या हाताने पानावर ठेवली आणि निघताना म्हणाले, "उरलेली गल्ली उद्या बघतो. आता मला प्रत्येक अंगणात गोगलगाय शोधावी लागणार!"

हे वाक्य अंधार पडायच्या आत गल्लीभर झाले. सकाळी पहिली बेल वाजली. दारात पलीकडची शिंपीण, हातात वाटी.

"एन्कार्ना, दोन गोगलगाई दे गं. संध्याकाळी परत आणून देते."

मग रांगच लागली. विरजण मागावे तशा बायका गोगलगाई मागून नेत होत्या.

"अगं, माझा रस्सा वाटतेयस तू!" आन्सेल्मो हताश होऊन म्हणाला.

"परत देतील की. आणि त्याही जेवून खाऊन आलेल्या."

सगळ्यांत शेवटी कासिल्दा आली. वेन्लाने तिच्यासाठी चांगल्या तरतरीत गोगलगाई निवडून दिल्या. थोड्याच वेळात कासिल्दा वाटी घेऊन परत.

"या आजारी आहेत गं. वरच्या ओळीत ठेवल्या की लगेच भिंतीवर उतरतात. एक म्हणून पानाला तोंड लावत नाही."

वेन्लाने एन्कार्नाकडे पाहिले. आन्सेल्मोने तोंडावर वर्तमानपत्र धरले. ते हलत होते. एन्कार्नाच्या तोंडाशी काय काय आले असेल! इतक्या वर्षांची बक्षिसे तिच्या डोळ्यांपुढून गेली असतील. पण ती अंगणात गेली, लाल जिरेनियमची आपली सगळ्यात देखणी कुंडी खाली काढली आणि कासिल्दाच्या हातात दिली.

"ही वर टांग. यावर राहतील."

कासिल्दाचा चेहरा जिरेनियमसारखा झाला. "संध्याकाळी परत आणते," ती पुटपुटली.

"राहू दे तुझ्याकडेच," एन्कार्ना म्हणाली. "फक्त पाणी घालत जा. हिला लागतं."